दोन दात पुढे

गिऱ्हाइकं त्याला कानसेन म्हणायची. मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी वळली की हा गॅरेजमध्ये बसल्या बसल्या सांगायचा, "डाव्या सिलिंडरचा प्लग गेलाय." गाडीवाला हेल्मेट काढेपर्यंत नवा प्लग घेऊन दारात उभा. तीस वर्षं त्याने कानांच्या जिवावर पोट भरलं. मग एका सकाळी दाढी करताना मेंदूतली कुठलीशी शीर चोंदली आणि तो आरशासमोरच खाली बसला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेले होते, आणि शब्द गेले होते.

अगदी सगळे नाही. एक उरला होता. बुधवार. तोच का उरला, देव जाणे. पाणी हवं असलं तरी बुधवार, पंखा नको असला तरी बुधवार. डोक्यात वाक्य अख्खं तयार असायचं, वर दोन ठेवणीतल्या शिव्याही असायच्या, पण जिभेवर येईतो सगळ्याचा बुधवार व्हायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन चित्रांची कार्डं दाखवायच्या. गाय, फुगा, छत्री. "हे काय आहे?" "बुधवार." आणि तो स्वतःच डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचा. बायको हसायची, मग तोही हसायचा. रडून रडून माणूस रडणार तरी किती?

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली त्याची स्वतःची गाडी होती. दोन सिलिंडरची, पुढे झुकून बसायची जुनी स्पोर्ट मोटरसायकल. कुणाच्या तरी अपघातात दुमडून निघालेली. त्याने तरुणपणी तिचा सांगाडा इंच इंच सरळ केला होता. तीन वर्षं ती तशीच उभी होती. पिस्टन जाम, टाकीत गंज.

धाकटा भाऊ खिडक्यांना काचा बसवायचा. एका शनिवारी त्याने ताडपत्री ओढली आणि जाहीर केलं, "दादा, ही मी तयार करणार. नुसती तयार नाही, तुला एका हाताने चालवता येईल अशी करणार. अ‍ॅक्सिलरेटर डावीकडे घेऊ, ब्रेक डावीकडे घेऊ, मागे दोन आधाराची चाकं लावू."

पलंगावरून खुर्चीत यायला ज्याला बायकोचा खांदा लागत होता, तो मोटरसायकल काय चालवणार? 'वेड्या, उगाच हात काळे करू नकोस,' असं कानसेनला म्हणायचं होतं.

"बुधवार," तो म्हणाला.

"बघ वहिनी, हो म्हणतोय!"

धाकट्याच्या तोंडावरचा आनंद पाहून कानसेनने मान हलवायचीही सोडून दिली.

मग दर शनिवारी तो यायचा. कानसेनची चाकाची खुर्ची शेडच्या दारात लावायचा आणि समोर बसून गाडी खोलायचा. मोबाइलवर कुणाचे तरी व्हिडिओ लावलेले, शेजारी माहितीपुस्तिकेच्या झेरॉक्सची चळत. हात काचवाल्याचे, त्यामुळे कशाला जोर म्हणून लावायचा नाही. दोन बोल्ट सोडवायला अर्धा दिवस. जुने बुटके हँडल करवतीने कापले तेव्हा कानसेनने तोंड फिरवलं. ते हँडल त्याने स्वतः घडवले होते. पण धाकटा कापता कापता बोलत होता: कुठल्या बंगल्यात कोणती काच तडकली, मोठ्या मुलीला चष्मा लागला, वहिनीचे गुडघे आताशा फार कुरकुरतात, डॉक्टरला दाखवायला हवं. आजारपणापासून दादाशी असं घडाघडा कुणी बोललं नव्हतं. लोक यायचे, मोठ्या आवाजात "बरं आहे ना?" विचारायचे आणि बायकोकडे वळायचे. हँडल गेले तर गेले, असं कानसेनने मनाशी ठरवलं.

सातव्या महिन्यात इंजिन परत जोडायची वेळ आली. पिस्टन नवे, हेड घासून आणलेलं. आता टायमिंग चेन चढवायची होती. ही चेन वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन यांना एका तालात ठेवते. ती चढवताना इंजिनच्या बाजूच्या छोट्या खिडकीत चाकावरची खूण आणून थांबवायची असते. खुणा दोन असतात, जवळ जवळ. एकीवर टी, दुसरीवर एफ. धरायची टी.

धाकट्याने एफ धरली. म्हणजे चेन दातेरी चाकावर एक दात पुढे बसणार.

खुर्चीतून कानसेनला खिडकी स्वच्छ दिसत होती. वर चेन ताणताना ती आणखी एक दात सरकली, तेही दिसलं. एक दात चुकला तर गाडी कुरकुरते. दोन चुकले तर व्हॉल्व्ह उघडे असतानाच पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतो.

"बुधवार," तो म्हणाला.

"आज शनिवार, दादा," धाकटा मान वर न करता म्हणाला.

"बुधवार! बुधवार!" त्याने डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

"दोन? दोन वाजले होय? भूक लागली असेल. वहिनी, दादाला काहीतरी खायला दे गं!"

त्याने जोरात मान हलवली. जमिनीवर खडू पडला होता, त्याच्याकडे बोट केलं. धाकट्याने कौतुकाने खडू हातात दिला आणि मांडीवर पुठ्ठा ठेवला. टी काढायची. एक उभी रेघ, एक आडवी. तीस वर्षं पाहिलेलं अक्षर, डोळ्यांपुढे लख्ख दिसत होतं. पण हात निघाला तो गोल गोल फिरत राहिला.

"चाक?" धाकटा म्हणाला. "आधाराची चाकं ना? पुढच्या महिन्यात. आधी इंजिन."

आणि त्याने पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं. मध्येच कुठेतरी अडलं. कानसेनच्या कानाला तो बारीकसा 'टक' ऐकू आला. धाकट्याने मात्र जोर लावला, पाना पुढे गेला, आणि अडलं ते आतल्या हवेच्या दाबामुळेच असं वाटून त्याचा चेहरा खुलला. "वा! कॉम्प्रेशन बघ कसलं आहे!"

आयुष्यात जोर न लावणाऱ्या माणसाने नेमका तिथेच लावला.

कानसेनने मग हाताशी होतं ते केलं. नटबोल्टांचा ट्रे डाव्या हाताने उडवून दिला. सगळे बोल्ट खळाळत शेडभर पांगले. धाकटा थिजल्यासारखा पाहत राहिला. खाण्याची बशी घेऊन आलेली बायको दारातच थांबली.

"अहो, हे काय? तुमच्यासाठीच राबतोय ना तो? सात महिने झाले, एका सुट्टीला घरी बसला नाही बिचारा!"

"असू दे वहिनी," धाकटा हलक्या आवाजात म्हणाला. "त्याची गाडी आहे. दुसऱ्याने हात लावलेला बघवत नसेल."

'तसं नाही रे,' कानसेन मनात ओरडला. तोंडातून तोच एक शब्द निघत राहिला, पुन्हा पुन्हा, थुंकीसकट. बायकोने पदराने त्याची हनुवटी पुसली आणि खुर्ची वळवून त्याला आत नेलं. त्याने डाव्या हाताने दाराची चौकट धरली. तिने एकेक बोट हळूच सोडवलं.

आतल्या खोलीत, खिडकीशी, तो ऐकत राहिला. झाकण बसल्याचा आवाज. बोल्ट आवळल्याचे, मोजून बारा. टाकीत पेट्रोल ओतल्याचा. त्याने डोळे मिटले, पण कान मिटता येत नाहीत. स्टार्टर कण्हला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिनने पेट घेतला, आणि लगेच पत्र्याच्या डब्यात दगड टाकून हलवावेत तसा खडखडाट झाला. मग एक कडक आवाज. मग काहीच नाही.

धाकट्याने दुसऱ्या दिवशी हेड उघडलं. चार व्हॉल्व्ह वाकलेले, एका पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खोच. पुस्तिकेतलं ते पान त्याने पुन्हा वाचलं असावं, कारण एक वाकडा व्हॉल्व्ह हातात घेऊन तो आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. हात धुतले नव्हते.

"तू सांगत होतास," तो म्हणाला. "दोन दात. तेच सांगत होतास ना?"

कानसेनने मान डोलवली. आणि त्याच क्षणी त्याला कळलं की डोलवायला नको होती. धाकट्याचा चेहरा विझला.

त्याला खूप सांगायचं होतं. शिकाऊ असताना त्याने स्वतः हीच चूक केली होती, तीही गिऱ्हाइकाच्या इंजिनात. दोन दिवस तो तोंड लपवून घरी बसला. मग त्याचे उस्ताद दारात आले आणि म्हणाले, "चल, उघड परत." तीन शब्द. तेवढेच हवे होते. त्याने श्वास घेतला, ओठ जुळवले, 'च' साठी जीभ टाळूला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

धाकटा त्याच्या तोंडाकडे पाहत होता. "नको दादा," तो शेवटी म्हणाला. "नको त्रास करून घेऊस. नाही लावणार आता मी तिला हात."

मग पुढच्या काही शनिवारी कानसेनचं शेडकडे बोट दाखवून झालं, खुर्ची तिकडे ओढायचा प्रयत्न करून झाला. एकदा खुणा करून बायकोकरवी वाकडे व्हॉल्व्ह ठेवलेली टोपलीही मागवली. ती समोर ठेवताच धाकटा उठून अंगणात गेला. दादा पुरावा दाखवतोय असं त्याला वाटलं असेल. बायकोने टोपली उचलून ठेवली, आणि नवऱ्याला म्हणाली, "किती दिवस मनात ठेवणार? माफ करा ना त्याला." माफीपलीकडचं काय काय मनात होतं, ते तिलाही कसं कळावं?

धाकटा अजून येतो, शनिवार चुकवत नाही. पण शेडकडे जात नाही. आतल्या खोलीत बसतो, पेपर चाळतो. मुलीचा चष्मा, तडकलेल्या काचा, काहीच सांगत नाही. बोललो तर दादाला बोलता येत नाही हे उघडं पडेल, असं काहीसं त्याच्या मनाने घेतलंय.

गेल्या शनिवारी त्याने नेलकटर आणलं. उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, मुडपलेली बोटं सावकाश उघडली आणि नखं कापायला बसला. काच कापावी तशी, एकेक, कडेकडेने.

"लागतंय का?" त्याने विचारलं.

त्या हाताला काही कळतच नव्हतं. कानसेनने मान हलवली, नाही. धाकट्याने पुढचं बोट उघडलं.