उजवीकडचं लाल बटण

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. वय वर्षं अकरा. आमच्यात एवढ्या वयाला पणजी म्हणतात.

मोडक्या बाहुल्या दुरुस्त करणाऱ्या एका मावशींसाठी त्यांच्या भाच्याने मला घडवलं. त्याच्या ऑफिसातल्या संगणकाचा पडदा इतका ऐसपैस, की या टोकाहून त्या टोकाला जाताना माउसचा बाण मध्ये दोनदा दम खायचा! त्याच मापाने त्याने मला बेतलं. डावीकडे बाहुल्यांचे फोटो, मध्ये मावशींची माहिती आणि पार उजवीकडे लाल बटण : ‘बाहुली पाठवा’. खिडकी जरा लहान केली, की पान बाजूला ओढायची आडवी सरकपट्टी खाली उमटायची. ती त्याच्या डोळ्यांना खुपली, म्हणून त्याने लपवून टाकली.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! मावशींकडे बाहुल्यांची रांग लागली.

मग माणसं मला फोनवर उघडू लागली. तळहाताएवढ्या जागेत मी मावणार कशी? माझी उजवी बाजू काचेबाहेरच राहिली, आणि सरकपट्टीच नसल्यामुळे कुणाला ती ओढून आत आणताही येईना.

एकदा दवाखान्यातल्या बाकावर एका बाबांनी मला उघडलं. शेजारी हात प्लास्टरमध्ये असलेली त्यांची लेक, तिच्या कुशीत हात तुटलेली बाहुली.

“बाबा, पाठवायची कुठे?”

“काही दिलेलंच नाही गं. दुकान बंद झालं असेल.”

मी बटण घेऊन तिथेच उभी होते, कडेपलीकडे, चार बोटांवर. हाक मारायला मला तोंड कुठे? ती पोर नंतरही रोज उघडून बघायची.

इकडे मावशी भाच्याला म्हणाल्या, “हल्लीची पोरं बाहुल्या मोडतच नाहीत वाटतं. शहाणी झाली मेली!”

त्याने ऑफिसात मला उघडलं आणि फोनवर सांगितलं, “मावशी, साइट तर झकास दिसतेय. तू उगाच काळजी करतेस.”

शेवटी मावशींनी बाहुल्यांच्या सुट्या, इवल्या हातापायांचे डबे कुणाला तरी देऊन टाकले. ‘काम बंद’ असं माझ्यावर लिहायला भाचा घरी आला. त्याने मला फोनवर उघडलं, तशा मावशी डोकावल्या.

“अरे, माझं लाल बटण कुठंय?”

भाच्याने बोटाने मला डावीकडे ओढून पाहिलं; मी हललेच नाही. लिहायचं ते राहिलं. तिथेच बसून त्याने माझी मापं सैल केली. रकाने एकाखाली एक आले, बटण अंगठ्याखाली आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला : “माझं प्लास्टर निघालं. बाहुलीचा हात अजून तसाच आहे. जोडाल का?”

मावशींनी डब्यांच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. “काय लिहू रे हिला?”

भाच्याने फोन त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, काहीही बनवलंत, तर आधी सगळ्यात लहान हातात देऊन बघा. आता माझं बटण कुठूनही दिसतं. मावशींचं उत्तर मात्र ‘बाळा’ या शब्दापाशीच थांबलंय.