बेडकाचं मलम

मुरगूडचे चनबसाप्पा, कापडाचे व्यापारी. त्यांच्या डाव्या पायाची जखम दोन वर्षं भरत नव्हती. रक्तात साखर, पायाला बधिरपणा. ठेच लागलेली त्यांना कळलीसुद्धा नव्हती. किती औषधं झाली, पण जंतू चिवट पाहुण्यासारखे बूड हलवायला तयार नव्हते.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टर अनुजा म्हणाल्या, "आप्पा, एक नवं मलम आलंय. अजून चाचणी चाललीय त्याची. लागू पडलं तर पाय वाचेल. नाहीतर कापावा लागेल."

आप्पांच्या बायकोनं, शिवगंगाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना धीर यावा म्हणून डॉक्टरांनी कागदावर बेडूक काढला. समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

"काकू, हा राहतो डबक्यात. अंगावर ओरखडे असले तरी सहसा चिघळत नाहीत. का? ह्याच्या कातडीत बारीक प्रथिनं असतात, ती जंतूच्या सालीलाच भोकं पाडतात. मलमात तसलीच आहेत."

आप्पा लिंगायत. त्यांनी सदऱ्यावरून गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं. "म्हंजे बेडकाचं म्हणा की."

"तसंच समजा," डॉक्टर हसल्या आणि पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

घरी शिवगंगाबाई मलम लावायला बसल्या की आप्पा म्हणत, "मी लावतो. तू दूध बघ जा." आतून कडी. ट्यूब रिकामी होत होती, पण जखम भरायची सोडून काळी पडू लागली. वास सुटला. एका सकाळी आप्पा तापानं फणफणले. त्यांचं पांघरूण काढताना गादीखालून चिंध्यांचा बोळा निघाला, मलमानं माखलेला.

"अवं, हे काय?"

"जन्मात अंडं शिवलो न्हाई मी. ज्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्यानं बेडूक चोळू व्हय?"

"मग त्या बाईला सांगायचं हुतं की!"

"एवढ्या मायेनं चित्र काढलं पोरीनं. तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?"

तशीच गाडी करून त्यांना कोल्हापुरात आणलं. पाय गुडघ्याखाली कापला.

चिंध्यांची गोष्ट ऐकून डॉक्टर अनुजा शिवगंगाबाईंशेजारी बाकावर बसल्या. "काकू, त्यात बेडूक नव्हताच हो. त्याच्याकडून नुसती कृती शिकलो. मलम कारखान्यात, रसायनांपासून करतात. मी आधी हे सांगायला हवं होतं."

"लावलं असतं तर ऱ्हायला असता पाय?"

"माहीत नाही. तेच तर बघायचं होतं."

शिवगंगाबाई आत गेल्या. चादर एका बाजूला सपाट पडली होती. आप्पांनी डोळे उघडले.

"गंगा, पाय गेला तर गेला. पर बेडूक न्हाई शिवू दिला अंगाला. व्हय का न्हाई?"

डॉक्टरांचे शब्द शिवगंगाबाईंच्या ओठांवर आले होते. आप्पा वाट बघत होते.

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि पूजेआधी आप्पांचे हात धुवायला तांब्या उचलला.