मोजणीदाराचा आराखडा

भर दुपारी शिट्टी वाजली तेव्हा सून गोठ्यात शेणाची पाटी भरत होती. तिनं मान वर केली नाही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मग सासऱ्यानं गाल फुगवून अशी लांबलचक शिट्टी मारली की गाईनं बुजून दावं ताणलं. तेव्हा कुठं ती भरल्या हातांनी अंगणात आली.

म्हातारा घड्याळ हातात धरून उभा होता. गळ्यात शिट्टी, पाठीला पिशवी, पायांत पावसाळी बूट. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"सात मिनिटं!" तो ओरडला. "सात मिनिटांत माणूस तीनदा बुडतो!"

"एकदा बुडलं की भागतं, मामंजी. तीनदा कशाला?"

"चेष्टा नको. भिंतीवर तुझं काम काय लिहिलंय?"

"आत्याबाईंना हातगाडीवर घ्यायचं आणि गाडी ढकलायची. गाय तुमच्या लेकानं सोडायची. पिशवी, कागद आणि शिट्टी तुमच्याकडं." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सगळ्यात जड काम तुम्ही घेतलंत, हे मात्र खरं."

आतून बाजेवरून सासू खुदकन हसली. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती बाजेवरच होती. पाय गेला होता, पण कान आणि जीभ शाबूत होती.

सासऱ्याला गाव मोजणीदार म्हणायचं. खरं तर मोजणी खात्यात त्यानं तीस वर्षं साखळीचं एक टोक धरलं, एवढंच. पण निवृत्त झाल्यावर त्याचा रुबाब असा, की जणू जमीन यानंच आखून दिली आणि मग माणसं राहायला आली. कचेरीत दोन दिवसांचं शिबिर झालं. पूर आला, आग लागली, तर घरानं काय करावं, ते शिकवायचं. बाकीचे जेवून परत आले. मोजणीदार मात्र डोक्यात आराखडा घेऊन आला, आणि त्या दिवसापासून घरादाराचं सुख गेलं.

भिंतीवर लावलेला आराखडा देखणा होता, हे सून नाकारत नव्हती. ओढा निळा, घरं काळी, बाहेर पडायची वाट लाल. पावलं मोजून लिहिलेली. फक्त ती लाल वाट बघितली की तिचं डोकं फिरायचं. घर होतं ओढ्याकाठच्या खोलगट जागेत. परसामागं जमीन चढत जायची, आणि नव्वद पावलांवर, चढावर, मोजणीदाराच्या धाकट्या भावाचं घर. लाल वाट तिकडं जातच नव्हती. ती पुढच्या दारानं निघायची, बोळातून खाली उतरायची, ओढ्यावरची मोरी ओलांडायची आणि वळसा घालून शाळेत पोचायची. पावलं चारशे तीस.

"मामंजी, पाणी जिथनं येणार, तिकडंच आपण पळत जायचं?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"शाळेची इमारत पक्की आहे."

"तिथवर पोचलो तर ना! मागं नव्वद पावलांवर कोरडी जमीन आहे."

"त्या माणसाच्या अंगणात माझं मढंसुद्धा जाणार नाही."

"तुमचं मढं कुठं जायचं ते तुम्ही ठरवा. मी आत्याबाईंचं विचारतेय."

दोन्ही घरांमध्ये खांद्याइतकं उंच काटेरी कुंपण होतं. अकरा वर्षांपूर्वी मोजणीदारानं कचेरीची साखळी घरी आणून बांध मोजला आणि भावानं हातभर जमीन दाबल्याचं जाहीर केलं. भाऊ म्हणाला, साखळी वाकडी आहे. त्या हातभर जमिनीत भेंडीची एक ओळसुद्धा धड लागली नसती. पण दोघांनी दोन बाजूंनी काटे रचले आणि बोलणं बंद केलं. पुढं बांध कुणाचा हे दोघंही विसरले असावेत, काटे मात्र दर वर्षी न चुकता नवे लागायचे.

मग एक दिवस कचेरीतून साहेब आले. त्यांनी आराखडा बघितला, पिशवीतली विजेरी दोनदा लावून बघितली, मोजणीदाराच्या पाठीवर थाप मारली आणि दारावर 'आदर्श घर' अशी पाटी ठोकली. फोटो निघाले. लाल वाट एकदा चालून बघावी, असं त्यांच्या मनात आलं नाही. बुटांना चिखल लागला असता. पुढं आठवडाभर मोजणीदार दारातच बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटी वाचायला लावायचा.

पाणी आलं ते पावसाळा सरता सरता. तीन दिवस संततधार लागली होती. नवरा ट्रॅक्टर घेऊन परगावी अडकलेला. चौथ्या दिवशी सकाळी सून दूध काढून उठली, तर गोठ्याच्या उंबऱ्याशी गढूळ पाणी येऊन थांबलं होतं. ती घराकडं धावली. तेवढ्यात शिट्टी वाजली. म्हातारा बूट घालून तयारच होता, आणि खोटं कशाला बोला, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

तिनं सासूला उचलून हातगाडीवर निजवलं, वर ताडपत्री टाकली, गाईचं दावं सोडलं. गाडी बोळाच्या तोंडाशी आणली आणि जागीच थांबली. मोरी दिसतच नव्हती. दोन्ही बाजूंचे दगडी खांब तेवढे वर होते आणि मधून पाणी घोंगावत चाललं होतं. तिच्या देखत कुणाचा तरी लाकडी दरवाजा आला, खांबाला थडकला, उलटा झाला आणि गेला.

"चल, थांबलीस का?" मोजणीदार म्हणाला. "गुडघ्याएवढंच असेल. गुडघ्यापर्यंत चालतं."

"कुणाच्या गुडघ्यापर्यंत? आत्याबाई आडव्या निजल्यात."

"आराखड्यात जे लिहिलंय..."

"आराखडा घाला पाण्यात! तसाही तो तिकडंच चाललाय." तिनं गाडी वळवली.

परसात पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. तिनं कोयता घेतला आणि कुंपणावर घाव घालायला सुरुवात केली. अकरा वर्षांचे काटे एकमेकांत असे गुंतले होते की एक ओढला तर दहा अंगावर यायचे. हात सोलले, पदर फाटला. मोजणीदार येऊन मध्ये उभा राहिला.

"हद्द मोडतेस तू! हद्द!"

"बाजूला व्हा, मामंजी. नाहीतर तुम्हालाही तोडीन."

सासू ताडपत्रीतून डोकं काढून म्हणाली, "तोड गं. त्यांना तोडलंस तरी चालेल."

मोजणीदारानं दोघींकडं बघितलं, पिशवी सावरली आणि पाय आपटत वळला. तो एकटाच आराखड्याप्रमाणे मोरीकडं निघाला. सुनेनं दोन हाका मारल्या. तिसरी मारायला तिच्याकडं वेळ नव्हता.

गाडीचं एक चाक कुंपणाच्या खाचेत रुतलं. तिनं खांदा लावला, चाक हललं नाही. पाणी आता पोटरीला लागत होतं. तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती सासऱ्याला, साहेबाला, त्या हातभर जमिनीला शिव्या घालत राहिली. तेवढ्यात पलीकडून काटे बाजूला झाले. धाकटा भाऊ होता, हातात पहार. त्यानं पहार चाकाखाली घातली.

"वहिनी, घट्ट धरा," तो गाडीवरच्या म्हातारीला म्हणाला. अकरा वर्षांनंतरचे त्याचे हे पहिले शब्द.

चाक निघालं. गाडी वर कोरड्यात पोचली, गाय आपली आपण मागून आली. तेव्हा त्यानं विचारलं, "दादा कुठाय?"

"आराखड्याप्रमाणे चाललेत," सून म्हणाली.

खालून शिट्टी ऐकू येत होती. मोजणीदार मोरीच्या अलीकडच्या खांबाला मिठी मारून उभा होता. पाणी छातीला, पिशवी डोक्यावर, शिट्टी तोंडात. भावानं घरातला लांब दोर काढला, एक टोक झाडाला आणि दुसरं कमरेला बांधलं आणि पाण्यात उतरला. सून वरून दोर सोडत राहिली. दोघं परत आले तेव्हा मोजणीदाराचे बूट गेले होते आणि ओठ निळे पडले होते. पिशवी तेवढी कोरडी होती.

भावाच्या ओसरीवर तिनं सगळ्यांना चहा दिला आणि सहज भिंतीकडं बघितलं. तिथंही आराखडा! शिबिराला तोही गेला होता तर. हा आगीचा होता. तिनं मोठ्यानं वाचला: "आग लागल्यास पाणी, गावाबाहेरच्या विहिरीवरून. सहाशे दहा पावलं."

तिनं कप खाली ठेवला. मोजणीदाराच्या परसातली विहीर कुंपणापासून वीस पावलांवर होती, बारमाही भरलेली.

"घर जळून राख झालं असतं, धाकले मामंजी, तरी तुम्ही तिसऱ्या खेपेलाच असता."

 शहाणपणात दोघं भाऊ एका आईचे शोभत होते.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. घरात गुडघाभर गाळ. सून पहाटेपासून फावड्यानं ओढत होती. मोजणीदार मदतीला येईल म्हणून तिनं वाट बघितली, पण तो परसात होता. तोडलेले काटे गोळा करून तो कुंपणाचं भगदाड बुजवत होता. हद्द ती हद्द, तात्पुरती मोडली म्हणून कायमची मोडत नाही, असं पुटपुटत होता. ज्या दोरानं जीव वाचवला तो अजून ओलाच होता.

सून फावडं टाकून तरातरा निघाली. पण सासूला घेऊन गाडी तेवढ्यात वरून खाली येत होती, भाऊ ढकलत होता. भगदाडापाशी म्हातारीनं हात वर केला.

"थांबव. सूनबाई, माझी बाज आण. इथं टाक."

"इथं?" मोजणीदार म्हणाला. "भगदाडात?"

"हो. अर्धी इकडं, अर्धी तिकडं."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"अकरा वर्षं जे म्हणतायत तेच. तुम्ही लावा की काटे. आधी मला उचला, मग लावा. बघू उचलता येतं का."

मोजणीदार काट्यांचा भारा धरून उभा राहिला. बायकोला उचलणं त्याच्या कामात कधी लिहिलेलंच नव्हतं. भाऊ बाजेला वळसा घालून, कुणाला न विचारता, मोजणीदाराच्या विहिरीत गाळ किती आलाय ते बघायला गेला.

सुनेनं बाजेच्या चारी पायांखाली विटा सरकवल्या. पाठ सरळ करून ती सासऱ्याला म्हणाली, "ते काटे गोठ्यामागं नेऊन टाका, मामंजी. वाळले की चुलीला चांगले पेटतील."