साडेदहापर्यंत मी दगड होतो

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. म्हणजे त्या मंगळवारी सकाळी साडेदहापर्यंत तरी होतो.

बागेत घसरगुंडीच्या मागे माझं ठाण. दर वर्षी विज्ञानाच्या बाई मुलांना घेऊन यायच्या, माझ्या अंगावरच्या रेघांवरून बोट फिरवायच्या आणि सांगायच्या, हे गाळाचे थर, हा दगड कोट्यवधी वर्षांचा. मुलं आ वासायची, मी फुगायचो. मग वर्षभर शेजारच्या बाकड्याला थापा मारायचो, की डायनोसॉर माझ्यावर पाठ घासायचे. बाकडं बिचारं लाकडी, सगळं खरं मानायचं.

त्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकाही आल्या. शाळेत चांगला फळा असताना बागेत दगड कुरवाळायला कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं. आज पटलं नाही तर सहली बंद, हे त्यांनी बजावूनच ठेवलं होतं. बाईंनी घाईघाईनं माझ्या रेघांवर बोट ठेवलं.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली आणि मला टिचकी मारली. ढब्ब!

"बाई, हा पोकळ आहे. आणि हे थर नाहीत, थापीचे फटकारे आहेत. माझे आजोबा गवंडी आहेत ना, ते असेच दगड बनवतात. आत जाळी, वरून सिमेंट."

मी? सिमेंट?

माळीकाका पाइप धरून उभे होते. ते म्हणाले, "चौदा वर्षं झाली की याला. मला वाटलं, बाईंना ठाऊक आहे."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. मोठ्या बाईंच्या भुवया कपाळावर चढल्या. मग बाई मुलांकडे वळल्या.

"मुलांनो, मी न तपासताच शिकवलं. दर वर्षी. आता तुम्ही शोधा, या बागेत खरा दगड कुठला?"

मुलं पांगली. ठोकून बघ, उचलून बघ, भिंग लावून बघ. शेवटी फाटक मिटू नये म्हणून टेकवलेला काळा धोंडा सापडला. टण्ण वाजला. भिंगाखाली त्यात कण चमकत होते. मोठ्या बाईंनी भिंग घेतलं, गुडघे टेकले आणि तिथेच रमल्या.

"बाई, आमचा नंबर," दोन वेण्या कुरकुरल्या.

"थांब गं, दिसतंय काहीतरी." आणि मान वर न करताच त्या विज्ञानाच्या बाईंना म्हणाल्या, "पुढच्या सहलीला भिंगं जास्त आणा. एक पुरत नाही."

बाकडं अजून मला हसतंय. मित्रांनो, मला खुशाल ठोकून बघा. कुणी कितीही प्रेमानं सांगितलं, तरी बघाच. फक्त जरा हळू. मी चौदाच वर्षांचा आहे हो, अजून लहान आहे.