सत्त्याण्णवच्या पुढे

"गुरुजी, एवढ्या उनाचं भिवपुरीवरून चालत आलात? कोन गेलं का?" ठकीनं दारातच विचारलं.

कुणी गेलं नव्हतं. गेली होती ती माझी अक्कल, आणि तीही पंचवीस वर्षांपूर्वी.

तेव्हा ठकी सातवीत होती आणि मी इथल्या शाळेत गणित शिकवत होतो. एकदा फळ्यावर माझी लाडकी संख्या लिहिली, १०००००१. दहा लाख एक. टोकांना एक, मध्ये पाच शून्यं. उलटी वाचा की सुलटी, तीच. वर ठासून सांगितलं, ही मूळ संख्या, हिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंही भाग जात नाही.

ठकी उठली. म्हणाली, "जातो, गुरुजी. एकशे एकनं. दोनीच्या कडंला एकच हाय, म्हनून मी करून पायलं."

शाळेच्या भिंतीवर मूळ संख्या रंगवलेल्या होत्या, दोनपासून सत्त्याण्णवपर्यंत. त्या पंचवीसही मी लावून बघितल्या होत्या. भिंत संपली तिथं माझं गणित संपलं. मी म्हणालो, "भिंतीवर आहे का तुझं एकशे एक? बस खाली, दीडशहाणी." वर्ग खदखदून हसला. तिची वही बघायचे कष्टही मी घेतले नाहीत. त्यानंतर ठकीनं वर्गात कधी हात वर केला नाही. सातवीनंतर शाळाच सुटली. आता ती रसायनीला एका कँटीनमध्ये चपात्या लाटते.

परवा भिंत नव्यानं रंगवताना मनोज पेंटरचा फोन आला. "गुरुजी, सत्त्याण्णवच्या पुढं जागा उरलीय. पुढचा आकडा सांगा." एकशे एक म्हणालो आणि जीभ अडखळली. कागद ओढून भागाकार केला. नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. खरं तर हजारापर्यंत तपासायला हवं होतं. मी अगदी दारात येऊन मागे फिरलो होतो. 

हे सगळं मी ठकीला सांगितलं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून तिनं भागाकार मांडला. भागाकारातलं मधलं शून्य माझी मुलं हटकून विसरायची. ती विसरली नाही.

"त्या दिवशी घरी जाऊन तीनदा केलता," ती म्हणाली. "तिनीदा आला. मंग वाटलं, गुरुजी कसं चुकतील? आपल्यालाच येत नसंल."

मला तिच्याकडे बघवेना. "चुकलं माझं, ठके."

"माझ्या पोरीला, आरोहीला पन मी तेच शिकवलं. बाईंनी चूक म्हटलं की गप बसायचं."

त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिनं आत हाक मारली. "आरोही, भायेर ये गं. हे माझे गुरुजी. काय सांगतात ते ऐक."

मी उभा राहिलो. "तुझी आई बरोबर होती," मी म्हणालो. "चूक माझी होती."

ठकीनं पेन्सिल खाली ठेवली. "आनखी एकदा सांगा, गुरुजी. तिला नीट ऐकू आलं नाय."

पोर माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.