मालाम्यूटची हाक

मी एक म्हातारा मालाम्यूट जातीचा कुत्रा आहे, मित्रांनो. माझे पूर्वज बर्फात ओझ्याच्या गाड्या ओढत. मी मात्र शाहूपुरीतल्या एका बंगल्यात वाढलो. विजयसिंहांनी मला राखणीसाठी हौसेने आणलं आणि वाघ्या नाव ठेवलं. कसली राखण आणि कसलं काय! आम्हाला परकं कुणी वाटतच नाही. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पायांत मी लोळण घ्यायचो.

विजयसिंहांचे वडील गणपतराव माझ्यावर जीव टाकायचे. अंगावर दाट लोकर, त्यात कोल्हापूरचा उन्हाळा. मी परसात टाकीमागे खड्डा उकरून बसायचो आणि ते त्यात पाणी ओतायचे. त्यांच्या पत्नी शालूबाई मात्र माझ्या आवाजाला भ्यायच्या. आम्हाला धड भुंकता येत नाही. आनंद असो वा भीती, आम्ही लांब हेल काढतो. माणसं म्हणतात, कुत्रं रडलं, आता घरातलं कुणीतरी जाणार.

एका दुपारी पाणी ओतता ओतता गणपतराव कोसळले. मी त्यांना पंजांनी हलवलं. उठेनात. मग अंगणात धावत येऊन जिवाच्या आकांताने हेल काढला.

"रडाय लागलंय बघ मेलं," शालूबाई आतून मुलाला म्हणाल्या. "कोंड जा आधी त्याला."

विजयसिंहांनी माझा पट्टा धरला. मी त्यांना टाकीकडे ओढू लागलो. "पिसाळलंय की काय हे," म्हणत त्यांनी मला काठीने हाणलं आणि गॅरेजमध्ये कोंडलं. आतून मी हाका मारतच राहिलो. त्या हाका गणपतरावांनाही ऐकू येत असतील, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

ते सापडले तेव्हा उशीर झाला होता. "म्या म्हटलंच हुतं. हे रडलं आणि मालक गेलं," शालूबाई आल्यागेल्याला सांगत राहिल्या. मला राधानगरीच्या मळ्यावर धाडलं. इथे रोज दुपारी मला पाणी ओतल्याचा आवाज येतो. उठून बघतो, तर कुणी नसतं. घशात हेल दाटतो, तो मी गिळतो.

मित्रांनो, कुत्रं रडलं तर दगड उचलू नका. ते कुठे ओढतंय, तिकडे आधी जाऊन बघा.

परवा शालूबाई मळ्यावर आल्या. फार थकल्या आहेत. माझ्यापाशी बसून हळूच म्हणाल्या, "मालकांच्या सदऱ्यावर चिखलाचं पंजं हुतं. तवापासनं डोळ्याला डोळा लागला न्हाय. तू बोलवत हुतास व्हय रे?"

मला हो म्हणायचं होतं. पण त्यासाठी माझ्याकडे तो एकच आवाज आहे. त्या घाबरतील, म्हणून मी गप्प बसलो.