आजी-माजी

करेनने पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची पाटी उचलली आणि तिसऱ्या रांगेच्या कडेला नेऊन ठेवली. सकाळपासून ही पाटी पुढे-मागे करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. पाटीवर नाव होतं आल्सिदेस वारेला. ब्राझीलमधल्या एका समुद्रकाठच्या अवाढव्य शहराचे दोनदा महापौर आणि सध्या तिथल्या केंद्र सरकारात मंत्री. निदान आज नाश्त्यापर्यंत तरी होते.

दुबईत शहरांच्या कारभारावर मोठी परिषद भरली होती आणि पाहुण्यांची उठबस करेनच्या कंपनीकडे होती. आयोजकांचा नियम सरळ होता. आजी मंत्री पहिल्या रांगेत, माजी मंत्री तिसऱ्या. आणि या गृहस्थांनी नेमका आजचाच मुहूर्त धरून हॉटेलच्या खोलीतून राजीनामा धाडला होता. त्यांना पुन्हा महापौर व्हायचं होतं. त्यांच्याकडे त्या निवडणुकीला उभं राहायचं तर ठरलेल्या तारखेच्या आत मंत्रिपद सोडावं लागतं, आणि ती तारीख आजची. राजीनामा गेला म्हणून पाटी मागे गेली. अजून मंजूर नाही असं त्यांच्या सचिवाने कळवलं म्हणून पुढे आली. आता मंजूर झाला होता.

"तूच जाऊन सांग त्यांना," तिचा साहेब रणजित म्हणाला. "तू परेरा आहेस. तुझं ऐकतील. आणि यल्ला, चल लवकर, वेळ नाहीये."

हे पाहुणे करेनच्या गळ्यात पडले होते तेही या आडनावामुळेच. परेरा म्हणजे पोर्तुगीज येत असणार, हे रणजितने परस्पर ठरवून टाकलं होतं. वसईच्या परेरांच्या घरात पोर्तुगीज बोलणारा शेवटचा माणूस कोण, हे तिच्या पणजीलाही सांगता आलं नसतं. त्यांच्याकडे देवाची प्रार्थना मराठीत आणि भाऊबंदकीची भांडणंही मराठीतच. पण रणजितला हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. विमानतळावर वारेलांनी तिची नावाची पट्टी वाचली, दोन्ही हात पसरले आणि पोर्तुगीजमध्ये बराच वेळ काहीतरी सांगितलं. तिने बापडीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मासळीबाजाराला जायला तयार होऊन हॉटेलच्या दारात उभे होते, आणि आपण कशाला हो म्हटलं होतं ते तिला तेव्हा कळलं.

राजकारणी माणसांचं करेनला कौतुक नव्हतं. घरात एक होता तेवढा पुरे होता. तिचे वडील पॅट्रिक परेरा गावच्या नगरपालिकेत नगरसेवक होते, वर्षभर नगराध्यक्षही. नंतर दोनदा पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा मतमोजणीच्या मांडवातच छाती धरून खाली बसले होते. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि पुन्हा ही दगदग नको म्हणून बजावलं. आई गेल्यावर करेनने त्यांना डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या घरी आणलं. पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? रोज संध्याकाळी बाल्कनीत उभं राहून फोनवर मोठमोठ्याने गावच्या निवडणुकीचं गणित चालायचं. क्रिस्टोफर, तिचा नवरा, फुजैराच्या नोकरीवरून सुट्टीला आला की सासऱ्यांच्या तोंडून वॉर्डांची रचना ऐकून ऐकून दुसऱ्याच दिवशी परत जायची भाषा करायचा.

व्हिसा वाढवायचा म्हणून करेनने पपांचा पासपोर्ट मागून घेतला होता. व्हिसा केव्हाच वाढला, पण पपा निवडणुकीला गावी पळू नयेत म्हणून पासपोर्ट तिच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहिला. पपा विचारत, ती म्हणे, काम चालू आहे, इन्शाल्ला होईल. ती पहिल्यांदा इथे एका दुकानात नोकरीला आली तेव्हा मालकाने तिचा पासपोर्ट असाच आपल्या कपाटात ठेवला होता आणि असंच उत्तर दिलं होतं. त्या माणसाला तिने रोज रात्री शिव्या घातल्या होत्या. तेच आपण बापाशी करतो आहोत हे तिला कळत होतं आणि कळून राग येत होता, स्वतःचाही आणि पपांचाही.

वारेला पाहुण्यांच्या खोलीत कॉफी घेत बसले होते. हातातला फोन सारखा वाजत होता, ते तो बंद करत होते आणि तो पुन्हा वाजत होता. करेनने इंग्रजीत, शक्य तितक्या अदबीने, खुर्ची बदलल्याचं सांगितलं.

"छान," ते म्हणाले. "तिथून दार जवळ पडेल."

एवढ्यावर तिने निघायला हवं होतं. पण सकाळपासूनचा वैताग तोंडाशी आला होता.

"सर, एक विचारू? सगळे महापौराचे मंत्री होतात. तुम्ही उलटे का निघालात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मंत्री झाल्यापासून मला कुणी शिवी दिलेली नाही. महापौर होतो तेव्हा पाव आणायला गेलो तरी लोक दंड धरून विचारायचे, आमच्या गल्लीतलं पाणी कधी ओसरणार. आता माझ्यासाठी दारं उघडतात आणि कुणी काहीच विचारत नाही."

"घरचे काय म्हणतात?"

"मुलीने अबोला धरलाय. ती म्हणते, या निवडणुकीत तुम्ही मराल." ते हसले. "मरेनही. पण ते तिने कसं ठरवायचं?"

 परिषद आटोपली, वारेला तिसऱ्या रांगेतून सगळ्यांच्या आधी बाहेर पडले, आणि करेन ऑफिसात जाऊन ड्रॉवरची किल्ली शोधू लागली.

ती घरी पोचली तेव्हा पपा इमारतीखालच्या हिरवळीवर होते. पाण्याचा पाइप गळत होता आणि वॉचमन खैरुद्दीनला उभं करून ते हिंदीत सुनावत होते, की त्यांच्या कारकिर्दीत असं पाणी वाया गेलं असतं तर त्यांनी इंजिनिअरला तिथेच उभं केलं असतं. खैरुद्दीन "जी साब" म्हणत होता. करेनला पाहून त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि निघून गेला.

ती पपांना घेऊन बाकावर बसली आणि पर्समधून पासपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला.

"व्हिसा झाला?"

"कधीच झालाय, पपा. मीच दिला नाही."

"ठाऊक आहे मला."

"शुक्रवारचं तिकीट काढते. उभं राहायचंय ना, राहा. गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्या." 

पपांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी पासपोर्ट उघडला, आपला फोटो पाहिला, मिटला. मग ते गळणाऱ्या पाइपकडे बघू लागले.

"पक्षाच्या बैठकीत सिल्वेस्टर म्हणाला, या खेपेला तरुणांना द्यायचंय," ते म्हणाले. "तिकीट."

"कधी म्हणाला?"

"मी इथे यायच्या आधीच."

 "मग रोज फोनवर कसलं गणित चालतं तुमचं?"

"लोक विचारतात गं. पॅट्रिक, उभा राहणार ना? मी सांगतो, आलोच असतो, पण मुलगी पासपोर्टच देत नाही. काय करणार?"

महिनाभर ती या माणसाची जेलर होऊन कुढत होती. तिला ओरडावंसं वाटलं. पपांनी मात्र तिची पर्स ओढून घेतली, पासपोर्ट आत सरकवला आणि चेन लावली.

"राहू दे तुझ्याकडेच. निवडणूक होईस्तोवर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडचा होता. पपांनी तिच्याकडे पाहिलं, मग उचलला आणि ताठ बसत बोलू लागले. हो, हो, वॉर्डाचं कळलं. नाही रे, माझी तयारी आहे, पण.

करेनने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि फोनपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"पपा, ठेवा तो फोन. पासपोर्ट मिळणार नाही, एकदा सांगितलं ना!"

"ऐकलंस?" पपा फोनमध्ये म्हणाले.